नवा प्रशिक्षक व जुनी मुले

वर्गावर नवे मास्तर येतात त्या दिवशी ते पहिले वाक्य कोणते उच्चारतात, हे मुले फार दिवस विसरत नाहीत. त्यांनी वर्षभरात भूमिती किती शिकविली व व्याकरण किती, हे कोणी विचारल्यास थोडे आठवावे लागते. परंतु ते पहिले वाक्य म्हातारपणीही जसेच्या तसे सांगणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. अशाच एका पहिल्या दिवसाची व त्यामागून आलेल्या हंगामाची हकीकत आज आम्हांस विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावयाची आहे. हकीकत दूरच्या अमेरिकेतील आहे, खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही असा आहे, आणि संघ शेवटी हरलेला आहे. इतके असूनही ती सांगण्याजोगी का वाटली, ते ओघाने येईलच.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कोलोरॅडो या संस्थानात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, बोल्डर नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५,४०० फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. तेथे कोलोरॅडो विद्यापीठ आहे व त्याच्या फुटबॉल संघास ‘बफलोज’ म्हणतात. तिकडच्या रानगव्यावरून हे नाव पडले. आणि ते केवळ नावच नव्हे, तर घरच्या मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी रॅल्फी नावाची खरीखुरी गव्याची मादी दोर धरून मैदानावरून दौडवीत नेण्याचा तेथे प्रघात आहे. १९९० साली या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मान मिळविला होता. पुढे पडता काळ आला. २०२२ साली तर १२ सामन्यांपैकी ११ हातचे गेले. पहिले ५ सामने हरताच विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षकास निरोप दिला, आणि उरलेला हंगाम कसाबसा पार पडला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकेतील चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो; तो हातांत घेऊन पळावयाचे किंवा सोबत्याकडे फेकावयाचा. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू, मैदान १०० यार्डांचे. ज्या पक्षाकडे चेंडू आहे त्याने ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावयाचे. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शेवटची रेषा ओलांडली की ६ गुण, आणि उभ्या खांबांमधून चेंडू लाथाडला तर ३. चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून त्याचे रक्षण करितात. या पाच जणांची नावे वृत्तपत्रांत क्वचितच येतात. वाचकांनी मात्र ती पंचक ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. चढाईस एक ताफा व बचावास दुसरा, अशी तेथे विभागणी असते, म्हणून संघ मोठा लागतो. ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळी विद्यापीठास या खेळाकरिता ८५ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देता येत असे. शिष्यवृत्ती म्हणजे फी, राहणे, जेवण, पुस्तके सर्व काही. गरीब घरच्या मुलास याचा अर्थ काय होतो, हे आमच्या पालकवर्गास निराळे सांगणे नको.

तर अशा या पडत्या संघावर डिसेंबर २०२२ मध्ये डीऑन सँडर्स यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. सँडर्स हे आपल्या काळचे असामान्य खेळाडू. धंदेवाईक फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ विजेतेपद त्यांनी दोन निरनिराळ्या संघांकडून मिळविले. शिवाय ते बेसबॉलही वरच्या दर्जाचे खेळले. प्रशिक्षक या नात्याने मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट विद्यापीठात त्यांनी तीन हंगामांत २७ सामने जिंकले व केवळ ६ गमावले. ते विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाकरिता स्थापन झालेल्या जुन्या संस्थांपैकी एक आहे. कोलोरॅडोने त्यांस पाच वर्षांकरिता सुमारे २ कोटी ९५ लक्ष डॉलर देण्याचा करार केला. आणि एवढी रक्कम अद्याप हाती नाही, ती उभी करावी लागेल, असे त्यांच्या क्रीडाधिकाऱ्याने मोकळेपणाने सांगून टाकले. लग्न ठरले आणि मग कर्ज काढावयास निघाले, असा प्रकार आपल्याकडेही पाहावयास मिळतो.

आता तो पहिला दिवस. बोल्डरच्या सभागृहात जुना संघ जमलेला. एक हंगाम ११ पराभव पदरात घेऊन बसलेली ती मुले नव्या गुरूकडे पाहत होती. सँडर्स यांनी त्यांस जे सांगितले ते त्यांच्याच गोटातील माणसांनी चित्रित करून जगास दाखविले, म्हणून त्याविषयी वाद नाही. सांगण्याचा मथितार्थ असा की, मी येताना माझे सामानसुमान बरोबर घेऊन येत आहे, व ते उंची बनावटीचे आहे. तुम्हांपैकी अनेकांनी आपले नाव बदलीच्या यादीत घालावे हे बरे, कारण जितके अधिक जातील तितकी अधिक जागा आम्हांस मोकळी होईल. ‘सामान’ म्हणजे कोण, हे उघड होते. त्यांचे दोन पुत्र, शेडूर व शिलो, आणि जॅक्सन स्टेटमधील ट्रॅव्हिस हंटर नावाचा अठराएकोणीस वर्षांचा विलक्षण गुणी खेळाडू.

बदलीच्या यादीचा उल्लेख वर आला, तिची हकीकतही थोडी सांगावयास हवी. पूर्वी विद्यार्थ्याने एक विद्यापीठ सोडून दुसरे धरले तर त्यास एक वर्ष खेळाविना बसावे लागे. प्रशिक्षकास मात्र असे कोणतेच बंधन नव्हते. तो आज येथे तर उद्या तेथे. हा अन्याय होता यात संशय नाही. २०२१ मध्ये तो नियम सैल झाला व विद्यार्थ्यास एकदा तरी दंडाविना जाता येऊ लागले. त्याच वर्षी आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळविण्यासही त्यास मोकळीक मिळाली. नियम झाला तो मुलांच्या सोयीकरिता. परंतु दार आतून उघडते तसे बाहेरूनही लोटता येते. नवा प्रशिक्षक आपल्या पहिल्या वर्षी एखाद्या मुलास संघातून कमी करू शकतो; विद्यापीठाने त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवावयाची, पण ती ८५ च्या हिशेबात धरावयाची नाही, अशीही तरतूद होती. म्हणजे पोटास अन्न आहे, पुस्तके आहेत, फक्त ज्यासाठी घर सोडून आलो त्या मैदानावर जागा नाही.

परिणाम व्हावयाचा तो झाला. एप्रिल २०२३ मध्ये वसंत ऋतूतील सरावाचा जाहीर सामना झाला. बर्फ पडत असताही ४५ हजारांवर प्रेक्षक जमले. त्यानंतरच्या काही दिवसांत मुलांची रांग लागली. सर्व मिळून पन्नासाहून अधिक खेळाडू गेले, आणि जुन्या शिष्यवृत्तीधारकांपैकी जेमतेम दहा उरले. त्या दर्जाच्या विद्यापीठात इतकी उलथापालथ पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

हंगाम सुरू झाला तो २ सप्टेंबर २०२३ रोजी, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या मैदानावर. तो संघ त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेला. कोलोरॅडोचा धुव्वा उडेल असा बहुतेकांचा होरा होता. पण कोलोरॅडो ४५ विरुद्ध ४२ गुणांनी जिंकले. शेडूरने फेकी करून ५१० यार्ड मिळविले, तो विद्यापीठाचा उच्चांक ठरला. हंटर चढाईत खेळला व बचावातही खेळला, सप्टेंबरच्या टेक्सासी उन्हात शंभराहून अधिक डावांस मैदानात उभा राहिला. सामन्यानंतर सँडर्स यांनी वार्ताहरांस, आता तरी तुमचा विश्वास बसला काय, असा प्रश्न केला. पुढच्या आठवड्यात नेब्रास्काविरुद्ध ३६–१४. सगळ्या देशाचे डोळे बोल्डरकडे लागले. गावची खानावळ, पथिकगृह, दुकान भरून वाहू लागले; त्या वर्षी घरच्या एकूण एक सामन्यांची तिकिटे संपली, असे त्या विद्यापीठाच्या इतिहासात पूर्वी घडले नव्हते.

तिसरा सामना शेजारच्याच कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाशी होता. तो मध्यरात्र उलटेतो चालला, दोन जादा डाव झाले, आणि ४३–३५ असा जिंकला गेला. या सामन्यात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूने चेंडू निसटल्यावर हंटरला जोराची धडक दिली. हंटरच्या यकृतास इजा होऊन तो तीन सामने बाहेर बसला. त्यानंतर त्या धडक देणाऱ्या मुलास व त्याच्या घरच्यांस जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. येथे सँडर्स यांचे वर्तन आम्हांस फार आवडले. त्यांनी वार्ताहरांपुढे स्पष्ट सांगितले की, हा खेळाच्या भरात चुकलेला मुलगा आहे, त्याला व त्याच्या आईबापांस धमकावणे सर्वथा गैर आहे, आणि आमच्या बाजूने त्यास क्षमा आहे. पुढे हंटर व तो मुलगा एकत्र बसले, बोलले, व दोघे बोलिंग नावाचा चेंडूचा खेळ खेळावयास मिळून गेले. परक्या संघातील अपराधी मुलाविषयी इतकी कळकळ दाखविणारा हा गृहस्थ आपल्याच सभागृहात पहिल्या दिवशी बसलेल्या निरपराध मुलांशी तसे का बोलला, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. मनुष्यस्वभाव एकाच कापडाचा विणलेला नसतो, एवढेच म्हणावे.

चौथ्या सामन्यापासून उतरंड सुरू झाली. ऑरेगनने ४२–६ असा फडशा पाडला. मध्यंतरासच ३५–० झाले होते. सदर्न कॅलिफोर्नियाशी ४१–४८ असा पराभव झाला, पण तो लढून झाला. ॲरिझोना स्टेटवर अगदी शेवटच्या क्षणी लाथाडलेल्या चेंडूने ३ गुणांचा विजय मिळाला. मग १३ ऑक्टोबरची ती स्टॅनफर्डविरुद्धची रात्र आली. मध्यंतरास कोलोरॅडोकडे २९ गुण व पाहुण्यांकडे शून्य. प्रेक्षक निश्चिंत झाले. पाहुण्यांनी एकेक करून सर्व फेडले, सामना दोन जादा डावांत गेला, आणि ४३–४६ असा हातचा गेला. त्या विद्यापीठाने इतकी मोठी आघाडी कधीही गमावली नव्हती. उरलेला हंगाम थोडक्यात सांगतो. पुढचे पाचही सामने हरले. त्यांपैकी ॲरिझोनाशी ३ गुणांनी, आणि वॉशिंग्टन स्टेटशी १४–५६ असा, ज्याविषयी न बोलणेच बरे. अखेरची बेरीज ४ विजय व ८ पराभव. आपल्या मंडळातील ९ सामन्यांपैकी १ जिंकून तळाची जागा.

मग सर्वत्र हिशेब सुरू झाले. एक पक्ष म्हणाला, गेल्या वर्षी १ आणि यंदा ४, म्हणजे चौपट सुधारणा; शिवाय ओसाड पडलेले मैदान भरले, हे काय थोडे झाले? एका प्रख्यात अमेरिकन क्रीडानियतकालिकाने सँडर्स यांस वर्षातील सर्वश्रेष्ठ क्रीडापुरुष म्हणून गौरविलेही. दुसरा पक्ष म्हणाला, तीन सामन्यांचा फुगा होता, चौथ्यात फुटला. दोन्ही पक्ष गुणफलक पाहूनच बोलत होते. आमचे मत असे आहे की या हंगामाचा खरा प्रश्न पहिला चेंडू फेकला जाण्यापूर्वीच उत्पन्न झाला होता, आणि तो गुणफलकावर दिसणारा नव्हता. आपल्या वाट्यास आलेल्या मुलांचे गुरूस काय देणे लागते, हा तो प्रश्न होय.

येथे कोणी म्हणेल, हे भाबडेपणाचे बोलणे झाले. ११ सामने हरलेल्या मुलांस कुरवाळीत बसावयाचे काय? शिष्यवृत्ती खेळण्याकरिता दिलेली होती. खेळता येत नाही त्याने वाट मोकळी करावी. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही टाळू इच्छीत नाही. संघ म्हणजे अनाथाश्रम नव्हे. निवड करणे हे प्रशिक्षकाचे कामच आहे. जो निवड करू शकत नाही त्याने शिटी गळ्यात अडकवू नये. वसंतातील सरावाचे ते पंधरा दिवस पाहून, प्रत्येक मुलास पारखून, “बाबा, येथे तुला खेळावयास मिळणार नाही, दुसरीकडे मिळेल,” असे प्रशिक्षकाने समोर बसवून सांगितले, तर ते कठोर असले तरी अन्यायाचे नव्हे. किंबहुना खोटी आशा दाखवून चार वर्षे बाकावर बसविण्याहून ते बरे. एप्रिलमध्ये ज्यांस असे सांगितले गेले त्यांच्याविषयी आमची तक्रार निराळी व सौम्य आहे.

आमचा खरा आक्षेप डिसेंबरातील त्या दिवसाला आहे. त्या दिवशी नव्या गुरूने त्या मुलांस एकदाही मैदानावर पाहिले नव्हते. कोण आळशी, कोण कष्टाळू, कोणास मागच्या प्रशिक्षकाने चुकीच्या जागी खेळविले होते, कोणाचा गुडघा दुखावलेला होता, यांपैकी काहीच त्यांस ठाऊक असणे शक्य नव्हते. परीक्षा झाली नाही तोच निकाल वाचून दाखविला गेला, आणि तो साऱ्या वर्गाचा एकच. ज्या दिवशी आपण आपला जॅक्सन स्टेटचा वर्ग अर्ध्यात सोडून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या वर्गास ‘तुम्ही जा’ म्हणणे, हे ज्याच्या हाती मुले सोपविली आहेत त्यास शोभले नाही. पुढे २०२४ मध्ये, बाहेर पडलेल्या एका खेळाडूने वृत्तपत्रास सांगितले की, त्यांनी मला जाणून घेण्याचा कधी प्रयत्नच केला नाही. यावर शेडूरने जाहीरपणे लिहिले की, मला तर हा मुलगा आठवतही नाही. शेडूर तेव्हा बावीस वर्षांचा. त्या वयात जीभ सैल असते, म्हणून त्यास फार दोष देऊ नये. परंतु त्याच्या उत्तराने तक्रारच खरी ठरविली, हे त्याच्या ध्यानी आले नसावे.

आणि खेळाच्या दृष्टीने तरी या घाईचा लाभ झाला काय? वर सांगितलेली पाच जणांची भिंत आता आठवावी. त्या हंगामात शेडूरला हातात चेंडू असतानाच ५२ वेळा जमिनीवर आपटले गेले. पॅसाडेनामधील एकाच सामन्यात सात वेळा. शेवटी वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध तो जायबंदी होऊन बाहेर पडला. चेंडू फेकणारा उत्तम, झेलणारे उत्तम. पण भिंत ढासळलेली. चेंडू फेकणारा विकत आणता येतो, त्याच्यामागे धावणारा आणता येतो. मात्र एकमेकांच्या श्वासावरून डाव ओळखणारे पाच गडी एका उन्हाळ्यात जुळून येत नाहीत. डाव्या बाजूचा पुढे सरकला की मधला आपोआप वळला पाहिजे, सांगण्यास वेळ नसतो. हे काम चिनी मातीच्या बरणीत घातलेल्या लोणच्यासारखे आहे, ते मुरावेच लागते. जुनी भिंत फार मजबूत होती असे आमचे म्हणणे नाही. ती मजबूत असती तर ११ पराभव झाले नसते. पण २९ गुणांची आघाडी हातात असताना जेव्हा पाय लटपटू लागतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गड्यास आपण किती वर्षे ओळखतो, याला फार महत्त्व असते, असे आम्हांस वाटते. स्टॅनफर्डच्या रात्री बोल्डरच्या मैदानावरील बहुतेक मुले परस्परांस एक वर्षही ओळखत नव्हती.

चांगल्या गुरूकरिता शाळा बदलणे हेच वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत शिकत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून तो दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला, कारण त्या शाळेचे क्रिकेट जोमदार होते. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये याच शाळेकडून हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने व विनोद कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली, हे तुम्हांपैकी क्रिकेटवेड्यांस तोंडपाठ असेल. येथे मुलाने शाळा सोडली, ती स्वतःच्या उत्कर्षाकरिता, घरच्यांच्या संमतीने. सरांनी आधी शिवाजी पार्कवर त्या मुलास फलंदाजी करताना पाहिले, पारखले, मग सल्ला दिला. पाहणे आधी व बोलणे मागून, हा क्रम तेथे सुटला नाही. बोल्डरला जे दार मुलांना बाहेर पडता यावे म्हणून उघडले होते, ते मुलांना बाहेर काढण्यास वापरले गेले. फरक एवढाच, पण तो लहान नाही.

दोष एकट्या सँडर्स यांचा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास वर्षाकाठी पन्नास लक्ष डॉलरांहून अधिक वेतन विजयाकरिताच दिले जाते, तो विजयाची घाई करणारच. विद्यापीठाने त्यांस आणले ते मुले घडवावी म्हणून नव्हे, तर मैदान भरावे म्हणून. आणि मैदान भरले. प्रेक्षकांनीही टाळ्या वाजविल्या. ज्या आजोबांनी व मुलांनी पहिल्या तीन विजयांनंतर जल्लोष केला, त्यांच्यापैकी किती जणांनी, गेल्या वर्षी आपल्याचकरिता धडपडलेली ती पन्नास मुले आज कोठे आहेत, असे विचारले असेल? आपण त्या गर्दीत असतो तर विचारले असते काय, हेही प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. पालकहो, शालेय सामन्यात आपला मुलगा खेळत असतो तेव्हा कोणास वगळून त्यास घेतले, ही चौकशी आपण फारशी करीत नाही. आपला मुलगा वगळला गेला की मात्र दुसऱ्याच दिवशी क्रीडाशिक्षकांच्या दाराशी उभे राहतो. तेथे गेल्यावर “का घेतले नाही” असे विचारण्याऐवजी “आपण त्यास किती दिवस पाहिलेत, आणि काय पाहिलेत” असे विचारून पाहावे. चांगल्या शिक्षकाजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते, व ते ऐकून पुष्कळदा आपलेच समाधान होते.

पुढील हकीकत लपवून ठेवणे योग्य नव्हे. २०२४ मध्ये याच संघाने ९ सामने जिंकले व ४ गमावले. हंटरला हाइझमन चषक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, मिळाला. ज्यांनी पहिल्या वर्षी थट्टा केली होती ते गप्प झाले. हंटर व शेडूर धंदेवाईक खेळात गेले, आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा ३ विजय व ९ पराभवांवर उतरला. सामान ज्याचे होते तो ते घेऊन गेला, असे कोणी कुत्सितपणे म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. कारण हंटरसारखा खेळाडू दुसऱ्या कोणा प्रशिक्षकाने दोन्ही बाजूंस खेळू दिला असता की नाही, याची शंकाच आहे. तेवढे श्रेय सँडर्स यांस दिलेच पाहिजे. गुणी मुलाचे पंख न छाटण्याचे धैर्य त्यांच्याजवळ होते. तेच धैर्य त्यांनी नाव नसलेल्या मुलांकरिता डिसेंबरात थोडे दाखविले असते, तर या लेखाचे कारण उरले नसते.

२०२३ च्या हंगामातील एक सामना वर सांगावयाचा राहिला. तो शेवटचा, २५ नोव्हेंबरला युटा विद्यापीठाच्या मैदानावर सॉल्ट लेक सिटी येथे झालेला. शेडूर दुखापतीने बाहेर होता. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक मुलगा उभा करण्यात आला. वर्षभर त्याचे नाव क्वचितच कोणी घेतले असेल. वृत्तपत्रांस शेडूर व हंटर यांच्यापलीकडे पाहण्यास सवड नव्हती. यापूर्वी एकाही सामन्यात त्याने सुरुवातीपासून खेळ केला नव्हता. पुढे युटाचा दणकट बचाव, आणि पाठीशी तीच ढासळती भिंत. तरी त्याने २४ फेकी केल्या, त्यांतील १७ सोबत्यांच्या हाती पडल्या, एकीवर टचडाऊनही झाला. सामना १७–२३ असा, अवघ्या ६ गुणांनी गेला. आठवडाभरापूर्वी हाच संघ ४२ गुणांनी हरला होता.